पहिल्या खिळ्यावरचा बिल्ला

ते मोबाइल आधी खिशात घाला. सगळ्यांनी. तू पण, हिरव्या केसांच्या. इथे रेंज येत नाही, तरी सारखं बोटाने काय चाळता कोण जाणे. शेकोटीचा उजेड पुरे आहे. आणि हे काय वाजलं, ते काय वाजलं, असं मधे मधे विचारायचं नाही. नदीकाठी रात्री शंभर गोष्टी वाजतात.

संध्याकाळी धक्क्यावर तुम्हाला पत्र्याचे बिल्ले दिले तेव्हा खी खी हसलात. मी बघत होतो. पाण्यात उतरताना आपला बिल्ला बोर्डाच्या खिळ्यावर लावायचा, बाहेर आलं की आपला आपण काढायचा. अंधार पडल्यावरही बोर्डावर बिल्ला दिसला, तर राखणदार शोधायला निघतो. एवढं साधं. पण दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. नवऱ्याने बायकोच्या नाही, बापाने पोराच्या नाही. 'आम्ही काय बालवाडीत आहोत का आजोबा?' असं विचारलंस ना तू? मग ऐक आता. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगता सांगता चहा गार करून टाकला. तो माणूस चहा गार करणाऱ्यातला नव्हता.

साडूला सगळे ठिगळ्या म्हणायचे. फुटक्या होड्यांना ठिगळं लावायचा म्हणून ठिगळ्या. त्याचं खरं नाव विचारलं तर त्याची बायकोसुद्धा जरा थांबून सांगायची.

त्या शनिवारी, अमावास्येला एक रात्र बाकी होती, उन्हाळा नुकता लागलेला. ठिगळ्या दुपारी स्कूटर घेऊन शहरात गेला. काम किरकोळ. छापखान्यातून नवा बोर्ड आणायचा. बोर्ड निघाला त्याच्याएवढा उंच. मागच्या सीटवर आडवा बांधला तर वाऱ्याने स्कूटर रस्ता सोडून शेताकडे ओढायला लागली. शिव्या घालत, थांबत, पुन्हा बांधत तो निघाला. बोर्डावर निळी नदी, पिवळी होडी, होडीत हसणारं कुटुंब आणि वर एक पांढरा पक्षी. खाली मोठ्या अक्षरांत: 'नदीची वाट चाला, नदी वाचवा.' पक्षीसुद्धा चोच उघडून हसत होता.

"पक्षी कधी हसतो का रे?" ठिगळ्याने छापखानेवाल्याला विचारलं.

"तुमच्या मॅनेजरनेच सांगितलं. पक्षी आनंदी दिसला पाहिजे म्हणाला."

आता ही नदीची वाट म्हणजे काय, ते तुम्ही फी भरून आलात तरी तुम्हाला धड माहीत नसणार. काठाने पायवाट आहे चालायला. पाण्यातून वाट आहे वल्हवायला. मधे मधे मुक्कामाला शेड. लोक येतात, चालतात, वल्हवतात, आणि त्यांच्या फीमधून नदीचं काम चालतं. काठाला झाडं लावायची. पाण्यात अडकलेली जाळी, बाटल्या, पिशव्या काढायच्या. आणि बेट राखायचं. कल्पना चांगली होती. चांगलीच होती, मी कोणाशीही भांडायला तयार आहे त्यावर. चांगल्या कल्पनेची माती करणारे लोक नंतर येतात.

कल्पना काढली ठिगळ्याच्या थोरल्या भावाने. थोरला म्हणजे डोक्यात निखारा असलेला माणूस. नदीत कोणी पिशवी टाकली तर तो ती काढायचा, टाकणाऱ्याच्या गाडीपर्यंत ओली पिशवी घेऊन चालत जायचा आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवायचा. "तुमचं राहिलं होतं," म्हणायचा. एका पायाने जरा फरफटत चालायचा, होडी पायावर पडली होती कधीतरी. त्यामुळे तो येतोय हे सगळ्यांना आधी ऐकू यायचं. पचक... फर्रर्र. पचक... फर्रर्र.

त्याचा जीव होता त्या बेटात. उद्या तुम्हाला लांबून दिसेल. नदीच्या मधे वाळूचं बेट आहे, आणि त्याच्या पलीकडून नदीचा एक अरुंद फाटा जातो. उन्हाळ्यात तिथे सुरय पक्षी येतात. ते घरटं बिरटं बांधत नाहीत. उघड्या वाळूत अंडी घालतात, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. पाय पडला तरी पडणाऱ्याला कळत नाही. म्हणून त्या महिन्यांत थोरला फाट्याच्या तोंडाला दोर बांधायचा. एक टोक काठावरच्या झाडाला, दुसरं बेटाच्या खांबाला, आणि मधे तरंगणारे लाल डबे. दोराच्या आत होडी न्यायची नाही. कोणाचीच नाही.

मग एका उन्हाळ्यात, संध्याकाळी, बेटाकडचं टोक सैल झालेलं दिसलं. थोरल्याने बिल्ला पहिल्या खिळ्यावर लावला. पहिला खिळा त्याचा, ठरलेला. होडी घेतली आणि गेला.

होडी सापडली, उलटी. दोर सापडला. झाडाकडचं टोक तुटलेलं होतं, कापल्यासारखं. पोलीस म्हणाले, घासून तुटलं असेल. ऑफिस म्हणालं, पाय घसरला असेल. पाणी शोधलं, काठ शोधला, पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत माणसं गेली. थोरला सापडला नाही.

आणि बिल्ला खिळ्यावर राहिला. काढणार कोण? ज्याचा त्याने काढायचा.

वहिनी ठिगळ्याजवळच राहिली, धक्क्यावरच्या शेडमध्ये. चालणाऱ्यांना जेवण करून घालायची, वल्ही मोजून आत घ्यायची, उद्धट पोरांना झाडायची. शहाणी बाई. फक्त एक गोष्ट. रोज संध्याकाळी दाराजवळच्या खिळ्याला कोरडा टॉवेल लावायची. कोणी मागचं काढलं की म्हणायची, "ते पाण्यात आहेत. बाहेर आले की बिल्ला काढतील." ना रडून, ना ओरडून. आज भाजी काय करायची, त्या आवाजात.

राखणदाराचं काम ठिगळ्याकडे आलं. आणि ऑफिसात जो बुकिंगच्या खिडकीत बसायचा, तो मॅनेजर झाला. थोरला असेपर्यंत त्याचं काही चालत नव्हतं. आता सगळं त्याचंच चालायला लागलं.

तर ठिगळ्या बोर्ड घेऊन धक्क्यावर पोचला तेव्हा ऊन उतरलेलं होतं आणि मॅनेजर पाहुणे घेऊन उभा होता. दातांचा एक डॉक्टर आणि त्याची बायको. दोघांच्या अंगावर नवी कोरी जाकिटं, किंमतीच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढलेल्या.

"वा! काय दिसतोय बोर्ड!" मॅनेजर म्हणाला. "तो जुना फळकुटाचा काढ आणि हा लाव."

"लावतो साहेब. पण त्यावर दादाचा..."

"तेच म्हणतोय मी. पाहुणे विचारतात, हा बिल्ला कोणाचा? काय सांगू? बुडाला म्हणून सांगू? मग उतरेल का कोणी पाण्यात? काढ तो. टाकून दे कुठेतरी."

"साहेब, वहिनी..."

"वहिनीला राहायला शेड पाहिजे ना?" मॅनेजर हसूनच बोलला. हसून बोलणारे लोक मला आवडत नाहीत. "आणि हो, जाऊन फाट्याचा दोर सोडून ये. पाहुण्यांना बेट बघायचंय. अंधार पडला की पक्षी खाली बसतात, टॉर्च मारली की जवळून दिसतात. फोटो काय येतात म्हणून सांगू!"

डॉक्टरची बायको जुना बोर्ड वाचत होती. "पण इथे लिहिलंय, अंडी असताना बेटाकडे जाऊ नये?"

"मॅडम, ते लोकांसाठी आहे."

ऐकलंत? लोकांसाठी आहे! नदी वाचवा, ते लोकांसाठी. ह्या असल्या माणसांनी नदी वाचवायची!

ठिगळ्याला तिथेच वल्हं त्याच्या डोक्यात घालता आलं असतं. नाही घातलं. शेड गेली तर वहिनीला घेऊन जायचं कुठे, हा एकच किडा डोक्यात फिरत राहिला. तो गेला आणि फाट्याचा दोर झाडापासून सोडून आला. मग जुन्या बोर्डासमोर उभा राहिला. बिल्ला इतकी वर्षं हलला नव्हता, खिळ्याला गंजाने धरलं होतं. त्याने ओढला. कट् करून सुटला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मग जुना बोर्ड भिंतीला टेकवला, त्याच्या जागी नवा लावला आणि त्यात खिळे ठोकले.

मॅनेजरने पाहुण्यांकडून नव्या बोर्डावर बिल्ले लावून घेतले, फोटो काढले.

"साहेब, तुमचा?"

"मी काय पाहुणा आहे?" मॅनेजर म्हणाला, आणि एकट्याच्या होडीत बसून पुढे निघाला. मागून डॉक्टर आणि बायको, दोघांच्या होडीत, एकमेकांची वल्ही एकमेकांना आपटत.

वहिनी पीठ भरलेले हात घेऊन बाहेर आली. नवा बोर्ड बघितला. भिंतीला टेकवलेला जुना बघितला. मग जुन्याचा पहिला खिळा.

"भाऊजी. कुठाय?"

ठिगळ्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"तुम्ही काढलात?"

"साहेब म्हणाले..."

"साहेबांनी काढला, की तुम्ही?"

"मी."

"तुमच्या हाताने?"

"वहिनी, अहो, इतकी वर्षं झाली..."

"वर्षं मी विचारली नाहीत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं ठिगळ्या मला म्हणाला. "बिल्ला काढला म्हणजे काय होतं भाऊजी? तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? सांगा."

"म्हणजे... माणूस बाहेर आला."

"हं." तिने दाराजवळचा टॉवेल हातात घेतला, कोरडा आहे का बघितला, पुन्हा लावला. "मग आता येतील. आणि आजच नेमका तुम्ही दोर सोडलात. आत होड्या घातल्यात." ती आत वळली. "रागात येतील."

अंधार पडला. चंद्र नव्हताच. शेकोटी केलेली नव्हती, एक कंदील तेवढा दारात. वारा पडला होता. पाणी इतकं गप्प, की काठ कुठे संपतो ते कळेना. ठिगळ्या उंबऱ्यावर बसून होड्यांची वाट बघत होता. लांब बेटाकडे टॉर्चचा उजेड फिरत होता. मग पक्षी उठले. शेकडो. किंचाळत उठले. टॉर्चचा उजेड जोरात इकडे तिकडे झाला...

आणि गेला.

पक्षी ओरडत राहिले. मग तेही थांबले.

ठिगळ्या उभा राहिला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात धक्क्याच्या खालच्या पायरीवर आवाज झाला.

पचक.

... फर्रर्र.

पचक.

... फर्रर्र.

पायऱ्या दिसत नव्हत्या. कंदिलाचा उजेड तिथपर्यंत जात नव्हता. आवाज वर येत होता. सावकाश. थकलेला माणूस येतो तसा. वर आला. थांबला.

भिंतीला टेकवलेल्या बोर्डाशी थांबला.

मग लाकडावर बोट फिरल्याचा आवाज. पहिल्या खिळ्यावर टक्. पुन्हा टक्. शोधल्यासारखं. पुन्हा पहिल्यावर टक्...

ठिगळ्याच्या छातीला गार लागलं. त्याने खाली बघितलं. शर्टाचा खिसा ओला झाला होता. बटण लावलेलं. आतून पाणी येत होतं. पोटावरून ओघळत होतं.

त्याने खिसा मुठीत दाबून धरला.

मागे दारात वहिनी येऊन उभी होती. अंधाराकडे बघत. हातात टॉवेल.

"पुसून घ्या," ती म्हणाली.

...

काही नाही. श्वाससुद्धा नाही.

...

मग पाऊल वळलं. फर्रर्र. पचक. पायऱ्या उतरायला लागलं. पाण्यात गेलं. आणि थोड्या वेळाने फाट्याकडे वल्हं वाजायला लागलं. दोन मार, मग थांबा. दोन मार, मग थांबा. तसं वल्हवणारा त्या नदीवर एकच होता.

"थांबले नाहीत," वहिनी म्हणाली. एवढंच.

आता ऐका. माणूस घाबरला की पळतो. पण ठिगळ्याला आतून भीतीच्या वर काहीतरी चढलं. संताप. स्वतःचाच. ज्या हाताने भावाचा बिल्ला काढला, ज्या हाताने दोर सोडला, त्या हाताचा. त्याने आपला बिल्ला जुन्या बोर्डावर, दुसऱ्या खिळ्यावर लावला. कंदील उचलला, होडी ढकलली आणि त्या आवाजाच्या मागे गेला. पुढे काही दिसत नव्हतं. दोन मार, थांबा. त्या आवाजामागून ठिगळ्या.

फाट्याच्या तोंडाशी आवाज बंद झाला.

आत काठाच्या झुडपात डॉक्टरची होडी अडकली होती. दोघं फांदीला धरून बसलेले. बोलली ती बायको.

"तो कोण होता?"

"कोण?"

"पाण्यात उभा होता. बेटाच्या पुढे. तुमचे मॅनेजर बेटावर उतरायला गेले, तर हा मधे. छातीपर्यंत पाण्यात. ते म्हणाले, ए, बाजूला हो. त्याने ऐकलं नाही. मग त्यांनी टॉर्च तोंडावर मारली..."

"मग?"

"मग ते ओरडायला लागले. म्हणाले, मला माहीत नव्हतं. दोर कापला तेव्हा दुसऱ्या टोकाला तू होतास, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. असंच सारखं सारखं. मग टॉर्च पाण्यात पडली."

ठिगळ्याने वल्हं मांडीवर ठेवलं.

पाय घसरला. दोर घासला. इतकी वर्षं हेच ऐकलं होतं त्याने. त्याच माणसाला इतकी वर्षं साहेब म्हटलं होतं. त्याच्यासाठी हसणाऱ्या पक्ष्याचा बोर्ड स्कूटरवर वाहून आणला होता.

त्याने मॅनेजरला हाक मारली नाही. पाहुण्यांची होडी सोडवली, दोघांना धक्क्यावर आणलं, आणि त्यांचे बिल्ले त्यांनाच काढायला लावले. डॉक्टरच्या हातून बिल्ला खाली पडला. त्याचा त्यानेच उचलला.

मग ठिगळ्याने वहिनीला सगळं सांगितलं. जसंच्या तसं. ती ऐकत राहिली. पिठाचे हात वाळून पांढरे पडले होते.

"आणि तो?" तिने विचारलं.

"राहिलाय तिकडेच."

"शोधला नाहीत?"

"त्याने बिल्ला लावला नव्हता." ठिगळ्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला. "बिल्ला नाही, म्हणजे तो पाण्यात गेलाच नाही. नियम आहे. राखणदाराने शोधायची गरज नाही."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "त्याला जिवंत आणा. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

गेला. परत त्याच अंधारात. ह्या वेळेला पुढे वल्ह्याचा आवाज नव्हता. फाट्याच्या तोंडाशी कंदील उंच केला. आणि दिसलं.

लाल डबे. एका रेषेत. दोर ताणलेला होता. त्याने स्वतः सोडलेला दोर.

झाडाला बांधलेला नव्हता. झाडाच्या पुढे, पाण्यात, मॅनेजर उभा होता. गळ्यापर्यंत. दोराचं टोक दोन्ही मुठींत. मुठी छातीशी धरलेल्या. डोळे उघडे. दात वाजत होते.

"साहेब. सोडा ते. होडीला धरा."

"नाही."

"अहो सोडा."

"तो म्हणाला, धर." मॅनेजर कुजबुजला. "म्हणाला, आता तू धर. मी सोडला तर... तो आहे तिकडे. दुसऱ्या टोकाला."

"तिकडे कोणी नाही."

तेवढ्यात दोर हलला.

एक झटका. बेटाच्या बाजूने. डबे नाचले. मग थांबला. मग पुन्हा एक झटका. मग दोन छोटे. कोणीतरी गाठ मारताना दोर ओढून बघतं... तसं.

ठिगळ्याने कंदील पुढे धरला. दोर अंधारात गेला होता. डबा... डबा... आणि पुढे काळं.

"दादा?"

दोर थांबला.

"दादा, मी काढला रे. मीच काढला. चुकलो..."

...

पाणी नाही हललं. दोर नाही हलला. पण सैलही पडला नाही. पलीकडे कोणीतरी ऐकत होतं.

...

मॅनेजरची बोटं उघडेनात. ओढून बघितली, नाही उघडली. लाकूड झाली होती. ठिगळ्याने मग होडी त्याच्या बगलेशी लावली, त्याच्या जाकिटाला दोरी बांधली, दोराचं टोक त्याच्या मुठींसकट झाडाला गुंडाळलं, आणि रात्रभर तिथेच बसला. एकदा मॅनेजर म्हणाला, "पाणी दे." ठिगळ्या म्हणाला, "आजूबाजूला बघा, आहे तेवढं."

पहिला सुरय बेटावर येऊन बसला, तेव्हा बोटं उघडली. आपोआप.

धक्क्यावर आणून त्याला वहिनीसमोर बसवलं. त्याने सांगितलं. आपल्या तोंडाने. एका पाहुण्याला फाट्यातून न्यायचं होतं, थोरला ऐकत नव्हता, म्हणून संध्याकाळी लपून झाडाकडचा दोर कापला. पलीकडे थोरला दोर हाताला गुंडाळून गाठ मारत होता. ओढ लागली आणि... आवाज ऐकला होता त्याने. ऐकला आणि घरी गेला. जेवला.

वहिनी रडली नाही, अंगावर धावून गेली नाही. "जेवलास?" एवढंच विचारलं तिने. त्याने मान हलवली. मग ती म्हणाली, "जा आता. पोलिसांत जाऊन हेच सांग."

काय? मॅनेजरचं पुढे काय झालं? काय होणार! तुमच्या गोष्टींत होतं तसं काही झालं नाही. आत गेला, बाहेर आला, वकील तगडा होता. पाण्याजवळ जात नाही म्हणतात. नळसुद्धा बायकोला सोडायला लावतो. माझं समाधान तेवढ्याने होत नाही. तुमचं होत असेल तर करून घ्या.

पण त्या सकाळचं राहिलं. मॅनेजर गेल्यावर वहिनीने हात पुढे केला.

"द्या तो बिल्ला भाऊजी. ह्या वेळेला मी लावते."

ठिगळ्याने खिशाला हात घातला. बटण लावलेलं होतं. त्याने काल लावलेलं, तसंच. त्याने ते उघडलं.

आत चिमूटभर वाळू. ओली.

बिल्ला नव्हता.

वहिनीने आधी त्याच्या हातातली वाळू बघितली. मग मान वळवली. भिंतीला टेकवलेल्या जुन्या बोर्डाकडे. बिल्ला पहिल्या खिळ्यावर होता.

तो जुना बोर्ड पुन्हा धक्क्यावर लावला. नवा? ठिगळ्याने कापून होडीच्या बुडाला ठिगळ लावलं. तो हसणारा पक्षी उद्या तुमच्यातल्या कोणाच्या तरी खाली असेल, पाण्यात तोंड घालून.

चला, उठा. शेकोटी विझवा, नीट, पाणी ओतून. झोपायला शेडकडे जाताना बोर्ड लागेल. पहिला खिळा. आता टॉर्च मारा हवी तर, मी काही बोलणार नाही. बिल्ल्याला हात लावायचा नाही. ह्या वर्षी अजून पावसाचा थेंब पडलेला नाही, हे तुम्हीच येताना म्हणालात, धुळीने मेलो म्हणून.

बोर्डाखालच्या फरशीला मात्र हात लावून बघा.